एक पगार, सहा वाटेकरी

कॅनडातल्या विंडसरला राहून नदीपलीकडे अमेरिकेतल्या डेट्रॉईटला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला एप्रिलमध्ये "टॅक्स भरला का?" असं विचारू नये. तो "कुणाचा?" असं उलट विचारतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. अमेरिकेचं केंद्र सरकार, मिशिगन राज्य, डेट्रॉईट शहर, कॅनडाचं केंद्र सरकार, ऑन्टारिओ प्रांत आणि कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलेला असला तर भारत सरकार. पगार एक, वाटेकरी सहा. गावाकडच्या भाऊबंदकीत याहून जास्त हिस्सेदार निघतात हे कबूल, पण ते सगळे निदान एकाच तलाठ्याकडे जातात.

हा प्राणी घडतो असा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर डेट्रॉईटजवळच्या नोव्ही किंवा ट्रॉयला बरीच वर्षं काढायची, ग्रीन कार्डाची रांग हलत नाही हे पटलं की कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, काढून ठेवायचं. ते टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. मग नोकरी तीच, व्हिसा तोच, फक्त बिऱ्हाड नदीपलीकडे. १९३० साली खुल्या झालेल्या बोगद्यातून सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. त्यातून विंडसर हे डेट्रॉईटच्या दक्षिणेला, म्हणजे इथे कॅनडात जायला दक्षिणेकडे गाडी हाकायची. जिथे दिशाच उलट्या, तिथे टॅक्सने सरळ वागावं ही अपेक्षाच जास्तीची.

या सहा वाटेकऱ्यांना तुम्ही किती कमावलंत याची उत्सुकता असतेच, पण त्याआधी सगळ्यांना एकच विचारायचं असतं: "त्या दिवशी तुम्ही होतात कुठे?" म्हणून माझं ठाम मत आहे की सीमेपलीकडे नोकरी करणाऱ्याने सीएच्या आधी कालनिर्णय गाठावं. चौकट मोठी असते. देशात त्या चौकटीत दुधाचा हिशेब मांडायचे, इथे देशाचाच मांडायचा: कामाला पलीकडे गेलात तर 'डे', घरून काम केलंत तर 'विं'. फोनमधलं कॅलेंडरही चालतं म्हणा, पण फोन बदलला की ते हरवतं. कालनिर्णय खिळ्यावरून हलत नाही.

ही अक्षरं कशाला लागतात? अमेरिकेत 'रेसिडेंट' ठरवायची एक बेरीज आहे. यंदा तिथे काढलेले सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या आदल्या वर्षीचा एक षष्ठांश. यंदाचे किमान ३१ आणि एकूण १८३ भरले की तुम्ही त्यांचे. कॅनडातून नियमित ये-जा करणाऱ्याला यात सूट आहे, त्याचे कामावर येण्याचे दिवस धरतच नाहीत. पण नियमित म्हणजे किती? कामाच्या एकूण दिवसांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त दिवस सीमा ओलांडली पाहिजे. आठवड्यातून चार दिवस गेलात तर ८० टक्के, पास. ऑफिसने कौतुकाने "तीनच दिवस या" म्हटलं तर ६० टक्के, नापास. मग वर्षाला १४४ दिवस गेलेल्या माणसाचे तिसऱ्या वर्षी १४४ अधिक ४८ अधिक २४, असे २१६ दिवस भरतात. थोडक्यात, अमेरिकेत कमी गेल्यामुळे माणूस अमेरिकेचा ठरतो. हे ज्याने लिहिलं तो पुणेरी असावा अशी मला शंका आहे.

यातून बाहेर पडायला दोन देशांमधल्या कराराचा आधार घ्यावा लागतो. 'माझं कायमचं घर विंडसरला आहे' असं फॉर्म ८८३३ वर लिहायचं, तो नॉन-रेसिडेंटच्या विवरणपत्राला, म्हणजे १०४०-एनआरला जोडायचा. इथे एक खाचखळगा आहे. नोव्हीचं जुनं अपार्टमेंट "राहू दे, सामान ठेवायला बरं" म्हणून चालू ठेवलं असेल तर घरं दोन होतात आणि युक्तिवाद लंगडा पडतो. बायको सांगत असते की ते भंगार देऊन टाका. टॅक्सच्या दृष्टीनेही तिचंच बरोबर असतं.

आता 'विं' चे दिवस. विंडसरच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून केलेलं काम हे कॅनडात केलेलं काम. पगार देणारी कंपनी अमेरिकन असली तरी नॉन-रेसिडेंटच्या त्या दिवसांच्या पगारावर अमेरिकेचा हक्क नाही. कंपनीचं पेरोल मात्र सगळ्याच पगारावर अमेरिकेचा टॅक्स कापून मोकळं होतं. तेव्हा १०४०-एनआरमध्ये फक्त 'डे' च्या प्रमाणात पगार दाखवायचा, दिवसांचा तक्ता जोडायचा आणि जादा कापलेलं परत मागायचं. "जाऊ दे, कोण एवढं करतो" म्हणून सगळा पगार अमेरिकेत दाखवलात तर कॅनडा त्या भागाचं क्रेडिट, म्हणजे तिकडे भरलेल्या टॅक्सची इकडच्या टॅक्समधून वजावट, देत नाही. त्यांचं म्हणणं, हे उत्पन्न आमच्या भूमीवरचं, तुम्ही हौसेने शेजाऱ्याला दान केलंत, आता आमचं आणा. डेट्रॉईट शहराचंही तसंच. बाहेर राहणाऱ्याला तिथला दर १.२ टक्के, पण तो शहरात बसून कमावलेल्या पगारापुरता.

भरायचा क्रम ठरलेला आहे: आधी अमेरिकेचं केंद्र, मग मिशिगन, मग डेट्रॉईट, सगळ्यात शेवटी कॅनडा. मिशिगनचा दर सरसकट ४.२५ टक्के. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि केंटकीच्या लोकांना मिशिगनमधल्या पगारावर मिशिगनचा टॅक्स नाही, त्यांचा आपसांत समझोता आहे. ऑन्टारिओशी नाही. खिडकीतून मिशिगन दिसतं त्याला टॅक्स, आणि पार केंटकीतून येणाऱ्याला माफ. १०४०-एनआरवाल्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, नवरा-बायकोला एकत्र विवरणपत्रही भरता येत नाही. गंमत म्हणजे भारतातून शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला भारत-अमेरिका करारामुळे ते डिडक्शन मिळतं. तो शिकून नोकरीला लागला की जातं.

अमेरिकेची मुदत १५ एप्रिल, कॅनडाची ३० एप्रिल. अमेरिकेत शेवटी किती टॅक्स बसला हा आकडा हातात आल्याशिवाय कॅनडाचं क्रेडिट काढता येत नाही. त्यामुळे मधले पंधरा दिवस घरात सुतक पाळल्यासारखे जातात, कुणी कुणाशी जास्त बोलत नाही.

या पंधरा दिवसांतली सगळ्यात मोठी चूक डब्ल्यू-२ नावाच्या, वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणाऱ्या कागदावर होते. जानेवारीअखेर कंपनी तो देते. समजा पगार ९०,००० अमेरिकन डॉलर, त्यातून ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्यात ६,००० गेले आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याचे ३,००० टॅक्सच्या आधी कापले. चौकट १ मध्ये ८१,००० दिसतात. चौकट ५ मध्ये ८७,०००, कारण तो आकडा मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या कपातीसाठी असतो, आणि मेडिकेअर ४०१-केला जुमानत नाही. आणि कॅनडाला हवे असतात ९०,०००, जे डब्ल्यू-२ वर सहसा ठळक छापलेले नसतात. ते डिसेंबरच्या शेवटच्या पगारपत्रकावर, 'वर्षभरात' या रकान्यात. म्हणून ते पगारपत्रक जपून ठेवावं. नोकरी सोडली की कंपनीचं पोर्टल बंद होतं, मग एचआरला मेल करत बसावं लागतं.

त्या ९०,०००ला बँक ऑफ कॅनडाच्या वार्षिक सरासरी दराने गुणायचं. २०२४ चा दर १.३६९८, म्हणजे झाले १,२३,२८२ कॅनेडियन डॉलर. हा आकडा पाहून क्षणभर पगारवाढ झाल्यासारखं वाटतं. तो क्षण उपभोगून घ्यावा. मग ही रक्कम कॅनडाच्या विवरणपत्रात ओळ १०४०० वर लिहायची. ४०१-केची वजावट आरसी-२६८ या फॉर्मवर मिळते, पण तुमच्या आरआरएसपीच्या, म्हणजे कॅनडातल्या निवृत्ती-बचत खात्याच्या, मर्यादेपुरतीच. ती मर्यादा आदल्या वर्षी कॅनडात दाखवलेल्या कमाईच्या १८ टक्क्यांवर ठरते. आदल्या वर्षी तुम्ही कॅनडात नव्हतातच, म्हणून पहिल्या वर्षी शून्य.

क्रेडिट घेताना लोक केंद्राचा टॅक्स धरतात, मिशिगनचा धरतात आणि थांबतात. डेट्रॉईटचा राहतो. त्याहून मोठं म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के राहतात. कॅनडा ते टॅक्स म्हणून मान्य करतं. वरच्या उदाहरणात ८७,००० वर हे साडेसहा हजार अमेरिकन डॉलरहून जास्त होतात. एवढ्यात विमानाने पुण्याला जाऊन, सगळ्यांना भेटून, भांडून परत येता येतं. केंद्राचं क्रेडिट टी-२२०९ वर, उरलेलं प्रांताच्या टी-२०३६ वर.

इतकं करूनही बहुतेक वेळा कॅनडाला काही तरी द्यायचं उरतंच, कारण ऑन्टारिओसकट कॅनडाचा दर सहसा चढा असतो आणि अमेरिकन कंपनी कॅनडासाठी दमडी कापत नाही. ही रक्कम ३,००० डॉलरच्या वर जायला लागली की पुढे कॅनडाचा आयकर विभाग वर्षात चार हप्ते मागतो: १५ मार्च, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर. दर महिन्याला पगारातून थोडे बाजूला टाकावेत. हे वाक्य सगळ्यांना पटतं आणि कुणीही तसं करत नाही.

बिऱ्हाड हलवलं त्या वर्षाची तऱ्हा आणखी वेगळी. समजा १ सप्टेंबर २०२४ ला विंडसरला आलात. कॅनडा त्या दिवसापासूनचं उत्पन्न धरतं, पण टॅक्स न लागणारी मूळ सवलतही दिवसांच्या हिशेबाने देतं: ३६६ पैकी १२२ दिवस, म्हणून १५,७०५ डॉलरऐवजी ५,२३५. अमेरिकेत त्या वर्षी अर्धे रेसिडेंट, अर्धे नॉन-रेसिडेंट. वरती 'ड्युअल-स्टेटस रिटर्न' असं लिहिलेला १०४०-एनआर, त्याला जोडलेला १०४०, आणि हे सगळं कागदावर. ऑनलाइन जात नाही. लिफाफा विंडसरहून टाकण्यापेक्षा कामावर जाताना डेट्रॉईटच्या पोस्टात द्यावा, पोच घ्यावी आणि ती पोच पासपोर्टइतकी सांभाळावी.

त्याच १ सप्टेंबरला आणखी एक काम असतं, जे कुणी सांगत नाही. कॅनडा असं मानतं की तुमचे शेअर, म्युच्युअल फंड, कोथरूडचा फ्लॅट, सगळं तुम्ही त्या दिवशी बाजारभावाने विकत घेतलंत. हे आपल्या फायद्याचं आहे: आधीची भाववाढ कॅनडाच्या टॅक्समधून सुटते. पण त्या तारखेचा भाव कागदावर हवा. फ्लॅटसाठी पुण्यातल्या मूल्यांककाकडून अहवाल तेव्हाच करून घ्यावा. पंधरा वर्षांनी "तेव्हा साधारण किती होता हो?" असं विचारलं की शेजारचे काका जो आकडा सांगतात तो त्यांना स्वतःचा फ्लॅट विकायचा असतो म्हणून सांगतात. परदेशातल्या अशा मालमत्तेची ही खरेदीची किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असली तर टी-११३५ हा माहितीचा फॉर्म भरावा लागतो. पहिल्या वर्षी माफ, दुसऱ्या वर्षी विसरला जातो. दंड दिवसाला २५ डॉलर, जास्तीत जास्त २,५००.

मग साधारण पावसाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, कॅनडाच्या आयकर विभागाचं पत्र येतं. भाषा मऊ. अमेरिकेत टॅक्स भरल्याचा पुरावा पाठवा, शक्यतो तिथल्या खात्याने दिलेली 'नोटिस ऑफ असेसमेंट', म्हणजे टॅक्स किती बसला ते सांगणारा कागद. आता मेख अशी की कॅनडा दरवर्षी प्रत्येकाला अशी नोटिस पाठवतं, अमेरिकेत ती पद्धतच नाही. तिथे 'अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट', म्हणजे खात्याचा उतारा, मागवावा लागतो. कागदावर पाठवलेलं विवरणपत्र तिकडे कुणी उघडलेलंच नसेल तर ट्रान्स्क्रिप्ट कोरा. डब्ल्यू-२ दाखवून भागत नाही, कारण त्यावर कापलेला टॅक्स असतो, बसलेला नव्हे. मिशिगन आणि डेट्रॉईटचे पुरावे वेगळे. हे सगळं जमेपर्यंत पत्रातली मुदत संपत येते. तेव्हा फोन करून मुदत वाढवून घ्यावी. मागितली तर सहसा देतात, गप्प बसलात तर सगळं क्रेडिट काढून नवा हिशेब पाठवतात, व्याज रोजच्या चक्रवाढीने.

राहिला सहावा वाटेकरी. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, बाकी पाचांचं जानेवारी ते डिसेंबर, म्हणून कोथरूडच्या भाड्याचे एकाच पावतीपुस्तकातून दोन हिशेब. भारत दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजावट देतो. कॅनडा म्हणतं पावत्या दाखवा, तेव्हा सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या शोधणं आलं. घरमालक परदेशी राहत असला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा, त्यासाठी टॅन हा टॅक्स कापणाऱ्याचा नंबर काढायचा, दर महिन्याला भरणा करायचा. हे भाडेकरूला फोनवर समजावून पाहा.

"म्हणजे साहेब, तुमचा टॅक्स मी भरायचा?"

"भरायचा माझाच, फक्त तुम्ही."

"आणि नाही भरला तर पकडणार कुणाला?"

"तुम्हाला."

इथे बहुतेक भाडेकरार संपतात.

परदेशातली कमाई ठेवायच्या एनआरई खात्याचं आणि पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असतं, कॅनडात नसतं. "पण ते टॅक्स-फ्री आहे!" हे वाक्य विंडसरमध्ये जितकं तळतळून म्हटलं जातं तितकं दुसरं कुठलंच नाही. भारतातली कमाई जमा होते त्या एनआरओ खात्याच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस कापते, करारातला दर १५. त्यासाठी कॅनडाकडून रहिवासी प्रमाणपत्र आणायचं आणि भारताच्या पोर्टलवर फॉर्म १०-एफ भरायचा. नाही केलंत तरी कॅनडा क्रेडिट १५ टक्क्यांपुरतंच देतं, वरचे भारताकडूनच परत मागायचे. मग ३१ जुलैच्या आत आयटीआर-२, आणि शेवटी आधारचा ओटीपी. तो सांगलीत बाबांच्या फोनवर येतो, जो चार्जिंगला लावून बाबा फिरायला गेलेले असतात.

तोवर भिंतीवरचं कालनिर्णय ऑगस्टवर आलेलं असतं. एखाद्या अधिकाऱ्याने दिवसांचा पुरावा मागितलाच तर त्याचं भाषांतर करून द्यावं लागेल. त्यात १७ जुलैच्या चौकटीत 'डे' खोडून 'विं' केलंय, एकादशी आहे, आणि खाली बायकोच्या अक्षरात 'साबुदाणा संपला, येताना आणणे' असं लिहिलंय. आता 'येताना' म्हणजे कुठून, यावर त्या दिवसाचा टॅक्स अवलंबून आहे.