पाण्याने किडनी ‘धुऊन’ निघत नाही

पावसाळा आला की आमच्या बडोद्यातल्या नातेवाइकांत एक मेसेज हमखास फिरतो: ‘किडनी म्हणजे चाळणी. आजारपणात तिच्यात जंतू अडकतात. ताप उतरल्यावर रोज पाच लिटर जवाचं पाणी प्या, किडनी धुऊन निघेल.’ पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. तरीही याने मुलांच्या जिवावर बेतू शकतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा माझ्या सात वर्षांच्या भाचीच्या पायांना फोड आले. चिघळले, मग सुकले. महिन्याभराने एका सकाळी तिचे डोळे उघडेनात, इतक्या पापण्या सुजल्या होत्या. लघवी कोऱ्या चहासारखी. आजीने मेसेज वाचून जवाचं पाणी पाजायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पावलंही सुजली.

‘जंतू अडकतात’? भाचीला झाली ती घशाच्या किंवा त्वचेच्या संसर्गानंतर येणारी किडनीची सूज. या आजारात त्या संसर्गाचा जंतू, स्ट्रेप्टोकोकस, सहसा किडनीत जातच नाही. तिथे जाऊन बसतात ते त्याचे अंश आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं.

‘ताप उतरल्यावर’? ही प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून घशाच्या संसर्गानंतर १ ते ३ आठवड्यांनी, त्वचेच्या फोडांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी किडनी सुजते. घरचे तोवर फोड विसरलेले असतात.

आणि ‘चाळणी’. एकेका किडनीत केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख गुंते असतात, आणि त्यांना आतून चपट्या, जिवंत पेशींचं अस्तर असतं. छिद्रं आहेत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. पण चाळणीला हल्ला कळत नाही, या पेशींना कळतो. त्या अंगावर चिकट प्रथिनं उभी करतात, पांढऱ्या पेशी येऊन त्यांना चिकटतात, आणि अस्तराच्या पेशी स्वतःही फुगतात. वाहिनी आतूनच बुजत जाते. भिंत फाटते तिथून तांबड्या पेशी लघवीत उतरतात. चहाचा रंग तो.

रक्तच नीट पोचत नाही, तर गाळायचं काय? मीठ-पाणी अंगात साठतं, सूज वाढते, बीपी चढतं. मुतखडा असेल तर भरपूर पाणी जरूर प्या. इथे मात्र तेच उलटतं. डॉक्टरांनी आधी भाचीचं बीपी घेतलं, नडगीवर अंगठा दाबून खळगा पाहिला, मीठ बंद केलं आणि पाणी मोजून द्यायला सांगितलं. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात. तीही झाली. तोवर आजी फुलपात्राने पाणी मोजायची आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहायची.

चेहरा सुजला, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासा.