झुला सोडायचा कोणी?

काल रात्री दोंडाईचाच्या कट्ट्यावर चहा गार झाला तरी कोणी उठेना, कारण भैय्याने वाचून संपवलेली कादंबरी. 1880 च्या आसपासची सर्कस, झुल्यावर काम करणारी पोरगी, तिच्यावर जीव टाकणारा इनामदाराचा मुलगा, अन् शेवटी तो तिला तंबूतून काढून वाड्यात नेतो. भैय्या म्हणे, मी तर रडलो भो.

नाना उखडलेच. "आसं कसं म्हणस तू? दहा वर्षं जिने हात सोलून घेतले तिला उंबऱ्याआड बसवलं, अन् याला प्रेम म्हणायचं?"

"नाना, काळ बघा ना. त्या वेळी लग्न झालेली बाई झुल्यावर कशी राहील?"

इथे मला राहवलं नाही. अरे, विष्णुपंत छत्रे मूळचे घोडे शिकवणारे, 1879 ला मुंबईत कियारिनीची इटालियन सर्कस पाहिली अन् 1880 ला स्वतःची उभी केली, त्यात त्यांची बायको स्वतः झुल्यावर काम करायची, मग काळाचं नाव पुढे करून त्या पोरीला घरी का बसवायचं? लेखकाला वाडाच मोठा वाटला, बस्.

मला सारंगखेड्याची यात्रा आठवते. लहानपणी घोडेबाजार बघून झाल्यावर मी दुपारी तमाशाच्या कनातीमागे गेलो होतो. एक बाई पाय पसरून बसली होती, घोट्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळत होती, घुंगरं चामडी सोलतात म्हणून, अन् पट्टीवर आधीच्या रात्रीचं रक्त वाळलेलं. रात्री तीच बाई स्टेजवर आली तेव्हा मी तिच्या पायांवरून नजर हलवली नाही. असल्या बाईवर लिहायचं तर तो घोटा आधी यायला पाहिजे ना भो. या पुस्तकात डोळे आहेत, केस आहेत, हात कसे ते कुठंच नाही. झुल्यावर झेलणारा तळहात धरत नाही, मनगटाला मनगट धरतो, घामाने तळवा सुटतो म्हणून. रोज तिचं मनगट धरणारा माणूस कादंबरीत आहे, पण त्याला नावसुद्धा नाही!

भैय्या जरा वेळ गप्प बसला. मग म्हणे, "पण ती थकली असेल तर? तिलाच वाडा हवा असेल तर?"

हे मला पटलं, खरंच पटलं. पण मग ते तिच्या तोंडून एकदा तरी यायला हवं होतं. तिला कोणी विचारलंय का रे कुठं?

"विचारलंय, विचारलंय," म्हणत त्याने मोबाईलचा टॉर्च लावला अन् पानं उलटायला लागला. टपरीवाल्याने शटर ओढलं तरी तो शोधतच होता.