'द बीस्ट' जरूर बघा, पण तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका

भाचा एनडीएची लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मुलाखतीच्या तयारीला लागलाय आणि त्यांच्या तयारीच्या ग्रुपवर "जगाने दडपलेला युद्धपट" नावाचा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. परवा त्याने तो मला पाठवला, वर लिहिलं, "मामा, अफगाणिस्तान विषय आला तर मी हेच बोलणार." वाचून डोकंच फिरलं. सिनेमा कुठला, तर केविन रेनॉल्ड्सचा १९८८ चा 'द बीस्ट'. एका गावाची राखरांगोळी करून निघालेला सोव्हिएत रणगाडा वाट चुकून डोंगरांनी बंद झालेल्या खोऱ्यात शिरतो आणि उरलेले गावकरी एक आरपीजी (रणगाडा फोडायचं रॉकेट) खांद्यावर घेऊन त्याच्या मागे लागतात. फार कमी लोकांनी बघितलेला, फार चांगला सिनेमा. म्हणून तर जास्त राग आला.

फॉरवर्डमध्ये काय काय आहे ते सांगतो. ही सत्यघटना आहे. शूटिंग चालू युद्धात, अफगाणिस्तानातच झालं, सीआयएने पळवून आणलेल्या रशियन रणगाड्यावर. यात "तालिबानचा कायदा" दाखवलाय आणि "ही माणसं तेव्हापासून अशीच, म्हणून पुण्यात यांना खोल्या देऊ नका." अमेरिकेने सिनेमा बॅन केला कारण हिरो रशियन. आणि मेन हिरो आपला कबीर बेदी.

सत्यघटना वगैरे काही नाही. विल्यम मॅस्ट्रोसिमोने या नाटककाराच्या नाटकावरून घेतलेली गोष्ट आहे, पटकथाही त्याचीच. युद्ध खरं होतं, सोव्हिएत फौजेकडे तिथे सिनेमातल्यासारखे टी-५५ रणगाडे होते हेही खरं, पण म्हणून रणगाड्यातली माणसं खरी होत नाहीत.

शूटिंग झालं इस्रायलमध्ये. (त्याच वर्षीच्या 'रॅम्बो ३' मधला अफगाणिस्तानही बराचसा तिथलाच.) रणगाड्यासाठी सीआयएला कामाला लावायची काहीच गरज नव्हती, इस्रायलने १९६७ च्या युद्धात अरब फौजांकडून पकडलेले टी-५५ त्यांच्याकडे होतेच. माझं ऐकू नका, सिनेमा पॉज करा आणि तोफेची नळी बघा. मूळ टी-५५ च्या १०० मिमी तोफेला फुगवटा असतो तो अगदी टोकाला. इथे तो बराच मागे आहे, कारण इस्रायलने त्यावर १०५ मिमीची तोफ बसवली होती. आपल्या विजयंता रणगाड्यावर याच जातीची तोफ होती, नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये जाऊन बघता येईल. म्हणजे रणगाडा रशियन, हे अर्धं बरोबर. तेवढे मार्क देतो.

आता तालिबान. इथे मात्र मी शांतपणे लिहू शकत नाही. सिनेमाचा काळ १९८१ आहे. तालिबान उभे राहिले १९९४ मध्ये, कंदाहारकडे. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्येच परत गेल्या होत्या. सिनेमाचा काळ आणि तालिबान यांच्यामधे १३ वर्षं आहेत हो, आणि एसएसबीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला ती माहीत असतात! बरं, तालिबानचा म्होरक्या मुल्ला उमर स्वतः सोव्हिएतांशी लढला होता, जुन्या मुजाहिदीनांतले, म्हणजे सोव्हिएतांशी लढलेल्या अफगाण बंडखोरांतले काही पुढे तालिबानमध्ये गेले, हे मान्य. पण अहमदशाह मसूद हा मुजाहिदीनांचा सेनानीही सोव्हिएतांशीच लढला होता ना? तो पुढे तालिबानशी लढत राहिला आणि सप्टेंबर २००१ मध्ये त्याला अल कायदाने मारलं. मग मसूदला कुठल्या खात्यात टाकणार?

आणि तो तथाकथित "कायदा" म्हणजे नानावते. शत्रू जरी दारात येऊन आसरा मागायला लागला तरी तो द्यायचा, जिवावर उदार होऊन त्याला राखायचं. ही पश्तूनवलीतली, म्हणजे अफगाणिस्तानातल्या पश्तून लोकांच्या जुन्या रीतीतली गोष्ट, तालिबानने काढलेला फतवा नाही. सिनेमात गावच्या बायका रशियन ड्रायव्हर कोव्हरचेन्कोला दगडांनी ठेचत असतात, तो हा एकच शब्द ओरडतो आणि ज्यांचं गाव त्याच्याच रणगाड्याने जाळलं त्यांना हात आवरावा लागतो. आख्खा सिनेमा या एका प्रसंगावर उभा आहे आणि फॉरवर्डवाल्याला त्यात फक्त दगड दिसले. आता खऱ्या आयुष्यातलं घ्या. २००५ मध्ये कुनार प्रांतात अमेरिकन नेव्ही सीलच्या, म्हणजे नौदल कमांडोंच्या तुकडीतला एकच जण वाचला, तो का, तर एका पश्तून गावाने त्याला घरात ठेवून घेतलं आणि तालिबान मागायला आले तरी दिला नाही. याच रीतीपायी. म्हणजे तुम्ही जो तालिबानचा कायदा म्हणून फिरवताय तो तालिबानच्याच विरोधात वापरला गेलाय, आणि त्याच्या जोरावर तुम्ही पुण्यातल्या पोरांच्या खोल्या काढून घ्यायला निघालात. पुण्यात कितीतरी अफगाण विद्यार्थी शिकतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा घरच्यांच्या काळजीने त्यांची काय अवस्था झाली असेल, आणि त्यांनाच आपण तालिबान म्हणायचं? भाच्याला सांगितलं, हा परिच्छेद तोंडातून काढलास तर इंटरव्ह्यूचं जाऊ दे, माझ्या घरी पाय ठेवू नकोस.

बॅनचं ऐका. बॅनबिन काही नाही, सप्टेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत रीतसर रिलीज झाला आणि आपटला. तिथली कमाई सुमारे १ लाख ६१ हजार डॉलर, आणि त्याच वर्षी 'रॅम्बो ३' ने तिथेच पाच कोटींच्या वर डॉलर कमावले. आता नाइलाजाने एक कबूल करतो, दुर्लक्ष झालं हे खरं आहे. सिनेमा वितरित करणाऱ्या कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख डेव्हिड पटनम १९८७ मध्येच पायउतार झाला होता आणि त्याच्या काळातल्या सिनेमांबद्दल नव्या मंडळींना फारसं प्रेम नव्हतं. शिवाय सोव्हिएत माघार तोवर सुरू झाली होती. पण नवा साहेब जुन्याची फाईल बाजूला टाकतो त्याला आपल्याकडेही कोणी सरकारी बंदी म्हणत नाही. हिरो रशियन म्हणून बॅन केला म्हणता, तर त्या सिनेमात रशियन सैनिक सरळ अमेरिकन इंग्रजीत बोलतात आणि अफगाणांच्या पश्तो भाषेला सबटायटल आहेत, हे बघितलं तरी होतं का?

नाहीच बघितलेला. कबीर बेदी आहे, पण छोट्या भूमिकेत, अकबर नावाच्या. अफगाणांच्या बाजूचा मुख्य माणूस ताज, तो स्टीव्हन बॉवरने केलाय, जन्माने क्यूबाचा. भारताशी नातं जोडायचंच होतं तर एरिक अवारी घ्यायचा, दार्जिलिंगचा पारशी. त्याचा समद हा अफगाण आहे आणि रशियनांच्या बाजूने त्याच रणगाड्यात बसलेला आहे, नानावतेचा अर्थ कोव्हरचेन्कोला तोच समजावून सांगतो, आणि शेवटी रणगाड्याचा कमांडरच संशयाने त्याला मारतो. एवढं मोठं पात्र, आणि फॉरवर्डमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.