चौदा दिवस उलटले म्हणजे पैसे बुडाले, असं नाही

"कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) गेली, चौदा दिवसांत दावा टाकला नाही, आता विसरा" असा मेसेज पुरवठादारांच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट आहे.

2016च्या दिवाळखोरी संहितेखाली पेपरात जी जाहीर नोटीस येते, तिच्यात 14 दिवसांची मुदत असते, हे खरं. पण ती चुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून 90 दिवस, किंवा रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी सावरून देणी भागवण्याच्या योजना) मागवले जाण्याची तारीख, यांतलं जे नंतर येईल तोवर दावा टाकता येतो. फक्त 90 दिवसांच्या पुढे गेलात तर उशिराचं कारण द्यावं लागतं. माल दिलेल्यांना फॉर्म बी, फ्लॅट बुक केलेल्यांना फॉर्म सीए. फॉर्म बीला बिलं, खातेउतारा, लागू असेल तिथे जीएसटी रिटर्न आणि ई-वे बिल जोडा. दाव्याला फी नाही. "पाच हजारांत दावा लावून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

खरी भीती वेगळीच आहे, ती मेसेजमध्ये नाही. प्लॅन मंजूर झाला की त्यात नसलेले दावे संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय. आणि दावा मान्य झाला म्हणून पूर्ण पैसे हातात पडतात असंही नाही. पुरवठादारांच्या वाट्याला बऱ्याचदा चिल्लरच येते.