रक्तात बदल सापडला नाही, म्हणजे तो नाहीच असं नव्हे

‘मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्त तपासलं की झालं, गाठीचा तुकडा लागत नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. अर्धाच खरा. (पहिलं निदान तर बायोप्सीवरच होतं.) रक्तात केआरएएस किंवा एनआरएएस जनुकातला बदल सापडला, तर सहसा सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही कर्करोगावरची औषधं टाळतात. पण सापडला नाही, तर? आजार फक्त फुप्फुसात किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर असेल, तर गाठीचा डीएनए रक्तात फारच थोडा उतरतो. तेव्हा तुकडाच तपासावा. नमुनाही बिघडतो: साध्या ईडीटीए नळीतल्या (रक्त गोठू न देणाऱ्या) रक्तातून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, काही तासांतच वेगळा करावा लागतो. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीतला बदल त्यात हरवतो.