50 तासांत मूल्यांकक होता येते, या दाव्याला उत्तर

स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांमध्ये सध्या एक मजकूर वारंवार फिरतो आहे. त्यातील दावा असा: कोणत्याही पदवीधराला 50 तासांचा वर्ग आणि एक परीक्षा एवढ्यावर नोंदणीकृत मूल्यांकक होता येते, दर सरकारी तक्त्यांत दिलेले असल्यामुळे वेगळे शिकण्यासारखे फारसे काही नसते, नोंदणी झाली की बँकांची कामे येऊ लागतात, आणि जुन्या व्हॅल्युअरच्या हाताखाली उमेदवारी करणे म्हणजे उमेदीची वर्षे वाया घालवणे. या भरवशावर वर्गाचे शुल्क भरणाऱ्याला आपण मुळात पात्रच नव्हतो हे अर्ज करताना कळू शकते, म्हणून प्रत्येक विधान नियमांशी आणि प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिले पाहिजे.

पहिले विधान ‘कोणताही पदवीधर’ हे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 247 खाली ऑक्टोबर 2017 मध्ये नोंदणीकृत मूल्यांककांचे नियम लागू झाले आणि नोंदणीचे काम भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे, आले. नोंदणी तीन वर्गांत होते: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. जमीन व इमारत या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगररचना किंवा समकक्ष शाखेची पदवी आणि त्या पदवीनंतरचा किमान 5 वर्षांचा अनुभव लागतो. याच शाखांतील किंवा स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनातील पदव्युत्तर शिक्षण असेल तर अनुभवाची अट 3 वर्षांची आहे. वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठासारख्या ठिकाणी असे पदव्युत्तर शिक्षण मिळते. वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीधराला निव्वळ त्या पदवीच्या बळावर जमीन व इमारत या प्रकारात नोंदणी मिळत नाही. म्हणजे 50 तासांचा वर्ग ही या वाटेची सुरुवात नसून शेवटच्या टप्प्यांपैकी एक आहे. मजकूर लिहिणाऱ्याने आधीची सगळी वर्षे गाळून टाकली आहेत.

वर्ग आणि परीक्षा पुरेशी आहे का, हा दुसरा मुद्दा. नोंदणीकृत मूल्यांकक संघटनेचे सदस्य होऊन 50 तासांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर संगणकावर दोन तासांची परीक्षा द्यावी लागते. उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, हिशेब, स्थावर मालमत्तेचे कायदे, पर्यावरण, व्यावसायिक आचारनीती आणि मूल्यांकनाच्या पद्धती येतात. अभ्यासक्रम चांगला आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु बहुपर्यायी प्रश्नात इमारतीचे वय, चटईक्षेत्र आणि तुलनेसाठीचे तीन व्यवहार तयार दिलेले असतात, तर प्रत्यक्ष कामात हीच माहिती मिळवणे आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवणे हे निम्म्याहून अधिक काम असते. 2017 च्या नियमांतील आठवा नियमही तेच सांगतो: केलेली पाहणी व चौकशी, माहितीचे स्रोत, अवलंबलेली कार्यपद्धती आणि अहवालाच्या मर्यादा या सर्वांचा उल्लेख अहवालात असावा लागतो. पाहणी कशी करायची हे वर्गात ऐकून येत नाही.

येथे नियमांतील एक उणीवही मान्य केली पाहिजे. जो अनुभव मागितला आहे तो संबंधित शाखेतील आहे, मूल्यांकनातीलच असावा असे बंधन नाही. पाच वर्षे पुलांचे आराखडे करणारा अभियंता एकही मूल्यांकन अहवाल न लिहिता परीक्षेला बसू शकतो. फिरणाऱ्या मजकुराला जो काही आधार आहे तो एवढाच, आणि माझ्या मते ही पळवाट मानण्याऐवजी उमेदवाराने ती पोकळी स्वतः भरून काढली पाहिजे.

आता तिसरे विधान, ज्यावर सर्वांत जास्त बोलणे भाग आहे: ‘दर तर रेडी रेकनरमध्ये असतात.’ महाराष्ट्रात दरवर्षीच्या बाजारमूल्य दर तक्त्यांचा, म्हणजेच रेडी रेकनरचा, हेतू मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी एक पाया ठरवणे हा आहे. आंध्र प्रदेशातील अशाच मूल्य नोंदवहीबाबत जावजी नागनाथम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये स्पष्ट केले की तिच्यावरून संपादित जमिनीचे बाजारमूल्य ठरवता येणार नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात मुद्रांक शुल्काचे दर एक निकष म्हणून आले खरे, पण तेथेही आसपासच्या प्रत्यक्ष विक्री व्यवहारांची सरासरी काढून अधिक येईल ती रक्कम धरायची असते. तक्ता एका विभागातील अनेक मालमत्तांना एकच दर लावतो. मूल्यांककाला मात्र एका विशिष्ट मालमत्तेचे, एका विशिष्ट तारखेचे आणि एका विशिष्ट हेतूसाठीचे मूल्य सांगायचे असते.

उदाहरणे पाहू. एकाच रस्त्यावरच्या, सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन भूखंडांपैकी एक भोगवटादार वर्ग 2 चा असेल, तर त्याच्या हस्तांतरणाला परवानगी आणि अनेकदा शासनाला द्यायची रक्कम आड येते. सातबाऱ्यावरील ती नोंद वाचता आली नाही तर अहवाल पायातच चुकतो. विकास योजनेत भूखंडाच्या काही भागावर रस्त्याचे आरक्षण असेल, तर मोजणी नकाशावरील क्षेत्र आणि वापरता येणारे क्षेत्र यांत फरक पडतो. भाडे नियंत्रण कायद्याखाली संरक्षित भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतीला शेजारच्या रिकाम्या सदनिकेचा दर लावता येत नाही, कारण मालकाच्या हाती ताबा नसतो आणि येणारे भाडे नाममात्र असते. तेथे उत्पन्न पद्धत, म्हणजे मिळणाऱ्या भाड्यावरून मूल्य काढणे, आणि पुनर्विकासाची शक्यता यांचा एकत्र विचार करावा लागतो. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत, मंजूर आराखड्याबाहेर बंद करून घेतलेली गच्ची, सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, नोंदलेल्या किमतीत वाहनतळाची किंमत धरली आहे की नाही, विक्री नातेवाइकांमधली होती की गरजेपोटी घाईची होती, असे प्रश्न कोणत्याही तक्त्यात सुटलेले नसतात. तुलनेसाठी घेतलेल्या व्यवहारात मजला, वय, रस्त्याची रुंदी आणि व्यवहाराची तारीख यांसाठी किती टक्के वजावट किंवा वाढ करायची, आणि ती का, हे पटवून देता आले तरच तो अहवाल मूल्यांकन ठरतो.

‘नोंदणी झाली की बँका काम देतात’ या चौथ्या विधानाला थोडक्यात उत्तर पुरे. प्रत्येक बँक आपले पॅनेल, म्हणजे काम देण्यासाठी निवडलेल्या मूल्यांककांची यादी, स्वतःच्या धोरणानुसार ठरवते आणि त्यासाठी सहसा मूल्यांकनाच्या कामाचा अनुभव विचारते. कंपनीच्या नादारीच्या प्रक्रियेत दोन नोंदणीकृत मूल्यांकक नेमावे लागतात हे खरे आहे. परंतु त्यांच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर तिसरा नेमण्याची तरतूद आहे, त्यामुळे आपला आकडा कसा आला हे कोणीतरी विचारणार हे गृहीत धरूनच काम करावे लागते. शिवाय कलम 247 नुसार फसवणुकीच्या हेतूने तरतुदी मोडणाऱ्या मूल्यांककाला एक वर्षापर्यंत कारावास आणि 1 लाख ते 5 लाख रुपये दंड होऊ शकतो. कामाआधी जबाबदारी येते, हे त्या मजकुरात कोठेही लिहिलेले नाही.

राहिला उमेदवारीचा प्रश्न. इतर देशांनी तो उमेदवाराच्या मर्जीवर सोडलेला नाही. अमेरिकेत सर्व प्रकारच्या मालमत्तांसाठीचा परवाना हवा असेल तर किमान 3,000 तासांचा अनुभव, तोही किमान 18 महिन्यांत विभागलेला, दाखवावा लागतो. 1868 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या आरआयसीएस या सर्वेक्षक व मूल्यांककांच्या व्यावसायिक संस्थेच्या सदस्यत्वासाठी नवपदवीधराला साधारणतः 24 महिने आखीव प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याची पारख माहिती असणे, ती वापरता येणे आणि कारणांसह सल्ला देता येणे अशा तीन पातळ्यांवर होते. आपल्याकडे 2020 मध्ये तज्ज्ञ समितीने मूल्यांककांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला. तो विषय मार्गी लागेल तेव्हा देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचे तास त्यात सक्तीचे असावेत, असे मला मनापासून वाटते.

उमेदवारांना राबवून घेतले जाते ही तक्रार मात्र मी नाकारत नाही. केवळ फोटो काढायला आणि टंकलेखनाला ठेवलेला मुलगा दोन वर्षांनीही मूल्यांकन शिकत नाही. म्हणून उमेदवारी स्वीकारताना काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात: विद्यावेतन किती, पाहणीला सोबत नेणार का, दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध, मोजणी आणि टिपणे स्वतः करू देणार का, आणि आपण काढलेला आकडा व अंतिम आकडा यांतील फरकाचे कारण समजावून सांगणार का. प्रत्येक मालमत्तेची तारीख, प्रकार, मूल्यांकनाचा हेतू, वापरलेली पद्धत आणि आपला वाटा यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि महिन्याअखेरीस तिच्यावर वरिष्ठांची सही घ्यावी. पुढे पॅनेलसाठी अर्ज करताना अनुभवाचा पुरावा म्हणून हीच नोंदवही पुढे करता येते.