बाळंतिणीचं पाणी मोजू नका

चैत्रात तासगावला भाचीला बघायला गेले. बाळंतपणाचा बारावा दिवस. उशाशी स्टीलचा छोटा गडू, तळाला चार घोट पाणी. पोरीच्या ओठांना पापुद्रे आलेले. "मावशी, आता दिवेलागणीलाच मिळेल," म्हणाली. ताईनं मोबाइल पुढे केला. सांगली-मिरजेकडच्या बायकांच्या ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज: सव्वा महिना पाणी दोनच गडू, दही-ताक-द्राक्षं बंद, डाळी आणि कोबी वातूळ म्हणून बंद, ताप आला तर अंगावर पाजू नये, गोळी कुठलीच नको, बाळाला मध चाटवावा.

बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. यातलं एकही कलम मला मान्य नाही.

आधी पाणी. 'जास्त प्यायलं की पोट सुटतं, दूध पातळ होतं,' असं मेसेज म्हणतो. आईच्या दुधात १०० भागांतले ८७ भाग पाणीच असतं, आणि नुसतं अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध ओढतं. ते पाणी आईच्या अंगातून जातं. वरून मिळालं नाही तरी शरीर बाळाचं दूध सहसा कमी पडू देत नाही, पण झीज आईची होते. भाचीला चार दिवस शौचाला झालं नव्हतं. टाके ओले, त्यावर कुंथणं, सांगताना रडली. लघवीलाही जळजळत होतं. गर्भाशय आकसायला सहा आठवडे लागतातच, तोवर पोट दिसणार. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. उगाच ढोसायचंही कारण नाही, त्यानं दूध वाढत नाही. तहानेला पाणी, आणि पाजायला बसताना हाताशी भरलेला तांब्या, एवढंच.

दही-ताकानं बाळाला सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंची, ती न धुतलेल्या हातांतून आणि शिंकणाऱ्या पाहुण्यांकडून येते. दूध रक्तातून बनतं आणि अंगाच्याच उबेचं असतं. द्राक्षं मात्र नीट धुऊन खावीत, बागेत फवारण्या होतात.

डाळींचा वात आईच्या आतड्यात धरतो आणि तिथूनच बाहेर पडतो, दुधात उतरत नाही. बाळंतिणीला प्रथिनं हवीत आणि आपण नेमकी डाळच काढून घेतो! लसणाचा वास दुधाला येतो, पण त्यानं बाळाचं काही बिघडत नाही. थोड्या बाळांना आईच्या खाण्यातलं गाई-म्हशीचं दूध सोसत नाही. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, सगळंच ताटातून काढू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी खुशाल द्या, पण जेवणाच्या जागी नको, जेवणासोबत.

साध्या तापात पाजणं थांबवायचं नसतं. आईच्या अंगात तयार झालेली प्रतिकारशक्ती दुधातूनच बाळाला मिळते. पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेनही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि मनानं घेतलेली अ‍ॅस्पिरिन नको. दुकानात किंवा दवाखान्यात पहिलं वाक्य हेच असू द्या: 'मी अंगावर पाजतेय.' सरकारी दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवसांसाठी मिळतात. त्या डब्यात पडून राहिलेल्या मी घरोघरी पाहते.

मध आईनं खावा, महाबळेश्वरहून आणलेला असेल तर आवडीनं खावा. बाळाला वर्षाचं होईपर्यंत बोटभरही नको. मधात बॉट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करतात.

आता जे मेसेजमध्ये नाही ते. आपल्या भागात कितीतरी बाळंतिणी सकाळी मशेरी लावतात. दही बंद करणारं घर तो डबा उशाशीच ठेवतं, कारण 'त्याशिवाय तिला शौचाला होत नाही'. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन दुधात उतरतं, आईच्या रक्तात असतं त्याहून जास्त प्रमाणात. बाळाची झोप तुटते, चिडचिड वाढते. दारूही अशीच दुधात उतरते. बंद करायचं तर हे करा. आणि एखादीला मशेरी लगेच सुटत नसेल तर तिनं बाळाला तोडू नये. आधी पाजावं, मग लावावी, चूळ भरून हात साबणानं धुवावेत, पुढचं पाजणं होईल तितकं लांबवावं. डबा बाळाच्या अंथरुणाजवळ ठेवू नये.